शाईने जाळलेला नवरा

वर्तमानपत्राच्या शेवटून दुसऱ्या पानावर चौकोनांची जी काळी-पांढरी जाळी छापलेली असते, ती दृष्टीस पडताच माझ्या तोंडाला कडवट पाणी सुटते. एवढ्याशा कागदी खेळाचा एवढा तिटकारा का, असे कोणी विचारील. त्याचे कारण सविस्तर नमूद करणे मला भाग आहे.

मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या सरकारी कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस आहे. लोक मला मुनशी म्हणतात. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, तेही मराठी शाळेत. तेलुगू मी कोणाच्या वर्गात न बसता, कचेरीने टाकून दिलेल्या रद्दीतून शिकलो, आणि आज माझ्या हातची दरखास्त वाचताना पदवीधर कारकूनही मध्येच थांबून वाक्याची घडण पाहतात. ही आत्मस्तुती नव्हे, वस्तुस्थिती आहे. आमच्या भागातल्या मराठी माणसाचे कचेरीत अडते ते भाषेवर. तो बोलतो मराठीत, मी लिहितो तेलुगूत. म्हणून आमच्या धंद्याची एक रीत आहे. दरखास्त लिहून झाली की ती ओळीओळीने मराठी करून अर्जदाराला वाचून दाखवायची. त्याने मान डोलावली की अंगठा घ्यायचा आणि अंगठ्याखाली लिहायचे, ‘वरील मजकूर अर्जदारास त्याच्या भाषेत वाचून दाखविला, तो त्यास मान्य आहे.’ या ओळीवर कचेरी विश्वास ठेवते. ती ओळ खोटी असेल, तर माझ्यात आणि रस्त्यावरच्या भामट्यात काही फरक राहत नाही.

कचेरीच्या फाटकासमोर एक चहाचे हॉटेल आहे. त्याच्या पडवीत माझे टेबल. सकाळी सरहद्दीपलीकडून येणाऱ्या गाडीने मराठी वर्तमानपत्राची एक प्रत तिथे येते, आणि ती आली की चौघे त्या एका पानावर तुटून पडत असू. एक निवृत्त गुरुजी, ज्यांना शिसपेन्सिल ओली केल्याशिवाय लिहिताच येत नसे. ती पेन्सिल ते जिभेवर फिरवत, मग कोड्यात अक्षर काढत, पुन्हा जिभेवर. दुसरे स्टॅम्पपेपर विकणारे गृहस्थ, आमचे स्टॅम्पवाले. त्यांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असे, आणि उत्तर सुचले की ते आधी पडवीच्या कोपऱ्यात थुंकत, मग बोलत. तो कोपरा बारा महिने तांबडा. तिसरा हॉटेलवाला. त्याची मायबोली तेलुगू, पण कोड्याच्या नादाने मराठी शिकलेला. भज्यांचे पीठ लागलेल्या बोटांनी तो पान धरी, त्यामुळे दुपारपर्यंत पान तेलाने पारदर्शक होऊन पाठीमागची श्रद्धांजलीची चौकट कोड्यातून दिसू लागे. चौथा मी. तेव्हा मला त्या वासाची, त्या ओल्या पेन्सिलीची, त्या खिदळण्याची चटक लागली होती. हे लपवण्यात अर्थ नाही.

कोडे सुटले की काम संपत नसे. आमचा एक नियम होता. जो शेवटचा शब्द भरील त्याचा शब्द घेऊन सगळ्यांनी मिळून ओळी जोडायच्या आणि चार ओळींची कविता करायची. मग हॉटेलवाला कोड्याखाली ती कविता लिहून घेई, फोनने फोटो काढी आणि आजूबाजूच्या गावांतल्या मराठी लोकांचा जो ग्रुप होता त्यावर टाकी. तिकडून हसणारी तोंडे येत. आम्ही ती मोजत बसत असू.

एकदा कोड्यात ‘कापसातले बी, तीन अक्षरी’ असे विचारले होते.

“सरकी!” हॉटेलवाला ओरडला. “हे मले येते! लिवा गुरुजी, लिवा!”

“अरे, आदिलाबादात राहून सरकी न येणाऱ्याला हद्दपार केलं पाहिजे,” गुरुजी म्हणाले. “शब्द भरला, आता तुझ्यावरच कविता.”

“माह्यावर काऊन? म्या का केलं?”

“तुही भजी का आमी इसरलो बाप्पा?” स्टॅम्पवाल्यांनी कोपऱ्यात थुंकून पहिली ओळ टाकली, आणि बघता बघता झाली:

सरकीचं तेल, त्यात तळली भजी,
खाऊन गुरुजींची तब्येत राजी;
स्टॅम्पवाले म्हणती अजून द्या दोन,
पैसे मागता वाजतो फोन!

शेवटची ओळ माझी होती. शेवटची ओळ बहुतेक माझीच असे, कारण यमकाला टोक आणण्याची हातोटी बाकीच्यांना नव्हती. “मुनशीजी, तुमचं डोकं म्हंजे चाकू हाय चाकू,” स्टॅम्पवाले म्हणत, आणि मी चष्मा पुसत मान खाली घाली. माणूस कौतुकाने किती आंधळा होतो, याचा विचार केला की स्वतःच्या त्या चष्मा पुसण्याचीही मला किळस येते.

त्याच दिवसांत ती बाई आली. बाजारहत्नूरच्या रस्त्यावरचे तिचे गाव बोथच्याच हद्दीत येते. चाळिशी ओलांडलेली, दोन एकर कपाशी एकटीने करणारी. पहिल्या गाडीने आलेली, चेहरा घामाने धुऊन निघालेला, कपाळ मोकळे. तिला पेन्शनची दरखास्त द्यायची होती. कचेरीत विधवेचे पेन्शन वेगळे आणि नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या एकट्या बाईचे वेगळे. दोहोंचे मजकूर माझ्यापाशी तयार असतात. फक्त नाव, गाव भरायचे.

“बसा बाई,” मी म्हणालो. “नाव सांगा.”

तिने नाव सांगितले, नवऱ्याचे सांगितले. “माह्या मालकाचं असं हाय मुनशी, का तो...”

“समजलं,” मी म्हणालो. मी तिचे कपाळ पाहिले होते. आणि पलीकडच्या टेबलावरून गुरुजींची हाक आली होती, “मुनशी, उभा अकरा! पाच अक्षरी! बैलाच्या गळ्यात वाजते!”

“घुंगुरमाळ,” मी मान न वळवता म्हणालो.

“बसला! बरोब्बर बसला!” तिकडे टाळ्या पडल्या. “या, या, मुनशी, कविता थांबली हाय तुमच्यासाठी!”

मी विधवेचा मजकूर उचलला, रकाने भरले, तिचा अंगठा घेतला. वाचून दाखवले नाही. अंगठ्याखाली मात्र माझी ती ओळ नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिली, आणि कागद तिच्या हातात देऊन मी उठलो. तिने कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “झालं?” तिने विचारले. “झालं,” मी म्हणालो.

पंधरवड्याने कचेरीच्या कारकुनाने मला आत बोलावले. हा इसम आमच्याशी दखनी हिंदीत बोलतो. त्याच्या हातात तोच अर्ज होता, वर लाल शाईचा शेरा.

“क्या मुनशीजी, जिंदे आदमी को मार डाले?” तो म्हणाला. “गाँव में पूछताछ हुई. उस औरत का मरद मावला गाँव में रहता, दूसरी के साथ. परसों बस स्टँड पे मैंइच देखा, चाय पी रहा था. अर्जी में झूठ लिखे बोल के साब कटा दिए. अब इसका नाम लिस्ट में नहीं चढ़ता.”

वास्तविक त्याच क्षणी माझे काम काय होते, हे मला ठाऊक होते. तिच्या गावी निरोप धाडायचा, चूक माझी आहे असे लिहून द्यायचे, नवा अर्ज करायचा. यादी वर जायला अजून वेळ होता. परंतु त्याने परत केलेला तो कागद घेऊन मी पडवीत आलो आणि टेबलावर टाकला. गुरुजींना पानाखाली ठेवायला काहीतरी सपाट हवे होते. त्यांनी तो अर्ज ओढून वर्तमानपत्राखाली घेतला.

“काय झालं? तोंड काऊन उतरलं?” स्टॅम्पवाल्यांनी विचारले.

मी सांगितले. सांगताना मला हसू आले, हे मी आज लिहून ठेवतो. चौघेही हसलो. हॉटेलवाला तर किटली खाली ठेवून हसला. “मयताला चहा! आपल्या हॉटेलात पाठवा, फुकट देतो!”

त्या दिवशी कोड्यात शेवटी राहिलेला शब्द होता तिरडी. ‘शेवटच्या प्रवासाचे बांबूचे वाहन.’ तो गुरुजींनी भरला. जणू दैवानेच विषय दिला, असे म्हणून ते हात चोळू लागले. दोन ओळी त्यांच्या, तिसरी स्टॅम्पवाल्यांची, चौथी माझी:

तिरडी नाही, खांदा नाही, तरी नवरा मेला,
कागदाच्या मसणवटीत शाईने जाळला;
मेलेला तो उठून आला, बसला स्टँडवरी,
म्हणे, ‘चहा पाजा बाप्पा, मयत आहे जरी!’

कवितेत तिचे नाव नव्हते. आम्हाला वाटले, कोणाचे काय बिघडले? हॉटेलवाल्याने नेहमीप्रमाणे पिठाच्या बोटांनी फोटो काढला आणि पाठवून दिला. फोटोच्या खालच्या कडेला, वर्तमानपत्राखालून चार बोटे बाहेर डोकावत असलेला तिचा अर्ज आला होता. तिचे नाव, गावाचे नाव, निळा अंगठा. तेलुगूत, माझ्या सुवाच्य अक्षरात. चौघांपैकी एकालाही ते दिसले नाही, कारण आम्ही आमची कविता पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी ती आली. सकाळची वेळ, पान नुकतेच उघडले होते. ती माझ्या टेबलाशी न थांबता सरळ पलीकडे गेली आणि चौघांच्या मधोमध बाकावर बसली. पदरातून तिने एक फोन काढला, जावेचा आणला होता, आणि माझ्यासमोर धरला.

“मुनशी, मले वाचता येत नाई. हे वाचून दाखवा.”

मी पडद्याकडे पाहिले.

“बाई, हे आपलं उगंच...” स्टॅम्पवाले बोलू लागले.

“तुमी थांबा भाऊ. मी मुनशीले बोलून राह्यली.” तिचा आवाज चढला नव्हता. “नळावर गेली का बाया तोंडाले पदर लावतात. दुकानात गेली का इचारतात, मयताले चहा पाजला का? माहं लेकरू हैदराबादेले कामाले हाय, त्याच्या फोनमधी बी गेलं. त्यानं मले इचारलं, बाबा मेला का माय, मले काऊन नाई सांगितलं? रडून राह्यला होता तो. वाचा. सगळं वाचा, मले आयकू द्या काय लिवलं ते.”

मी वाचले. चारही ओळी. आयुष्यात मी हजारो कागद लोकांना वाचून दाखवले, परंतु माझा आवाज असा कधी फाटला नव्हता. आमच्या कवितेतले यमक ऐकायला इतके घाणेरडे असते, हे मला तेव्हा कळले. ‘मेला’ आणि ‘जाळला’ हे शब्द तोंडातून बाहेर पडताना कोणाच्या तरी उष्ट्या पेन्सिलीसारखे लागत होते.

“कोणाच्या ओळी हायेत?” तिने विचारले.

गुरुजी कोड्यावर वाकले होते, डोके वर करीनात. “पहिल्या दोन माझ्या,” शेवटी ते म्हणाले, अगदी खालच्या आवाजात. “चुकलं, बाई.” स्टॅम्पवाल्यांनी बोट वर केले आणि त्या दिवशी ते थुंकायला कोपऱ्यात गेले नाहीत, गिळले.

“शेवटची?”

“माझी,” मी म्हणालो.

“चांगली जुळवली,” ती म्हणाली. मग पिशवीतून तिने कागद काढला. कचेरीतून तिला धाडलेली, लाल शेऱ्याची प्रत. “आता हे वाचा. हेबी तुमचंच हाय.”

मी मराठी करत वाचू लागलो. ‘माझे पती मयत झाले असून मी निराधार विधवा आहे...’

“थांबा. तो मेला असं म्या म्हटलं होतं?”

“नाही.”

“मंग इचारलं काऊन नाई?”

माझ्यापाशी उत्तरे पुष्कळ होती. गर्दी, घाई, दहा बायांत नऊ विधवा येतात, कपाळ. मी अर्ज लिहिणारा माणूस आहे, कोणत्याही गोष्टीचे सहा ओळींत समर्थन मी करू शकतो. परंतु त्या दिवशी मला कोड्यासाठी हाक मारणारे गुरुजी समोर बसले होते, आणि त्यांच्यासमोर खोटे बोलायची सोय नव्हती.

“कोडं चालू होतं,” मी म्हणालो.

हॉटेलवाल्याने तिच्यापुढे चहा ठेवला. तिने तो हाताने बाजूला सारला. “मले पेन्शन पाहिजे,” ती म्हणाली. “माह्या नावावर खोटं लिवलं हाय ते पुसून पाहिजे. यादी जायाच्या आत. ते कसं करता ते सांगा.”

आम्ही दोघे कचेरीत गेलो. कारकुनाने मला पाहताच खुर्ची मागे रेलली आणि स्वतःच्या फोनवरून माझी शेवटची ओळ मोठ्याने वाचली. “वाह मुनशीजी, क्या लाइन मारे! पूरे सेक्शन में घूम रही!” ती बाई शेजारीच उभी होती. त्याला ती कोण हे ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हा त्याने फोन उलटा ठेवला आणि उगाच फाइलींची नाडी बांधू लागला.

मग त्याने मार्ग सांगितला. अर्ज लिहिणाऱ्याने स्वतः लिहून द्यायचे की मजकूर त्याच्या चुकीने पडला, अर्जदाराने खोटे सांगितले नाही. त्याबरोबर नवा अर्ज. “लेकिन सोच लो,” तो हळूच म्हणाला. “ये कागज फाइल में बैठेगा. आगे आपकी हर दरखास्त पे साब पूछेंगे, पढ़ के सुनाए के नहीं?”

विचार करण्यासारखे बरेच होते. परंतु ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत याचना नव्हती. नवे पत्रे लावणाऱ्या मिस्त्रीने गळका सांधा दुरुस्त करावा म्हणून माणूस उभा राहतो, तशी ती उभी होती.

मी लिहिले. तेलुगूतली माझी सारी घडण, सारे ‘विनम्र’ आणि ‘सादर’ त्या कागदावर निरुपयोगी ठरले. चारच वाक्ये झाली. मी अर्जदारास विचारले नाही. मी मजकूर वाचून दाखविला नाही. वाचून दाखविल्याचे मी खोटे लिहिले. अर्जदार निर्दोष आहे. खाली सही केली.

मग नवा अर्ज. या वेळी ती एकेक वाक्य सांगे, मी लिही, आणि लगेच तिला मराठीत परत ऐकवी. एकट्या बाईसाठी जो तयार मजकूर माझ्यापाशी आहे, त्यात ‘पतीने टाकून दिलेली’ असे शब्द आहेत. ते मी सवयीने वाचले.

“ते खोडा,” ती म्हणाली.

“पण बाई, तसंच लिहावं लागतं.”

“त्यानं मले टाकलं नाई. म्याच काढलं त्याले घराबाहेर. बैल इकून आला होता पेऊन, मी दार लावलं. त्या दिवशी तेच सांगून राह्यली होती मी तुमाले.”

मी कारकुनाकडे पाहिले. तो खांदे उडवून म्हणाला की नवऱ्यापासून वेगळी राहते एवढे लिहिले तरी चालते. मी तो शब्द खोडला. ‘पतीस घरातून बाहेर काढून मी सात वर्षांपासून स्वतंत्र राहते.’ असे वाक्य मी जन्मात कोणा बाईच्या अर्जात लिहिले नव्हते. तिने ते दोनदा ऐकले, मान डोलावली, अंगठा दिला. पोच घेतली, चौपदरी घडी करून कमरेला खोचली आणि बाजारहत्नूरच्या गाडीची वेळ विचारून निघून गेली. मला नमस्कार केला नाही. करायला पाहिजे होता असे मला वाटतही नाही.

दोन महिन्यांनी यादीत तिचे नाव लागले. साहेब आता खरोखरच माझ्या प्रत्येक अर्जदाराला विचारतात, वाचून दाखवले का? लोक माझ्याकडे वळून पाहतात, मग हो म्हणतात. मी ग्रुप सोडला, टेबल पडवीतून काढून कचेरीच्या भिंतीलगत नेले. कोड्याची मैफल तिकडे चालूच आहे, हसणे ऐकू येते.

गेल्या आठवड्यात माझ्या एका चुलतभावाने फोनवर काहीतरी पाठवले. ‘वाचा, पोट धरून हसाल.’ तीच कविता. फोटो गेला होता, अर्जाची कड गेली होती, आमची नावे तर कधी नव्हतीच. आता कोणीतरी खाली पाचवी-सहावी ओळ जोडली होती, त्या बाईच्या चारित्र्यावर, इतकी हिडीस की इथे उतरवणे मला शक्य नाही. यमक मात्र अचूक होते. माझ्याच ओळीच्या टोकाला ते बसवले होते.

मी त्याला लिहिले की सदर बाई ही खरी बाई आहे, तिला मी ओळखतो, चौथी ओळ माझी आहे आणि ती लिहिल्याची मला लाज वाटते, कृपया पुढे पाठवू नये. दोन मिनिटांत उत्तर आले. त्याने ती आधीच तीन ग्रुपांवर टाकली होती, आणि ओळ माझी आहे हे वाचून अभिनंदन केले होते.